वाजवायचं का टंकत बसायचं? लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइनमधल्या कलाकारांसाठी शॉर्टकट

मांजराकाठ, लातूर

राम राम मंडळी. गेममधल्या प्रान्सिंग पोनी ह्या खानावळीतल्या कार्यक्रमाला ह्यावेळी नवीन पोरं येणारायत आणि जो तो खासगीत तेच विचारायलाय: "दादा, बटणं कशी लावायची?" एकेकाला सांगण्यापेक्षा इथंच सगळं लिहितो. ज्यांना येतंय त्यांनी भर घाला, चुकलं तिथं टोका.

कमांड मी इथं देवनागरीत लिहितोय. गेममध्ये हेच शब्द इंग्रजी स्पेलिंगनं, सुरुवातीला तिरपी रेघ देऊन टाकायचे.

गेमनं आपल्याला दोन गोष्टी दिल्यात. एक एलियस, म्हणजे लांबलचक कमांडला ठेवलेलं टोपणनाव. लिहायचं असं:

/एलियस ;नमन /ई पुढे येऊन सभेला वाकून रामराम करतो

ह्यानंतर चॅटमध्ये नुसतं ;नमन टाकून एंटर मारलं की तुमच्या पात्राच्या नावापुढं ती ओळ उमटते. नावाआधीचा सेमीकोलन सोडायचा नाही, आणि नावात मोकळी जागा ठेवायची नाही. एक ध्यानात घ्या, /ई नं फक्त ओळ दिसते, अंग हलत नाही. अंग हलवायला /बाऊ, /क्लॅप, /चिअर, /डान्स1 ह्या वेगळ्या कमांड आहेत.

दुसरी गोष्ट शॉर्टकट. कमांड किंवा एलियस थेट स्क्रीनवरच्या बटणांच्या पट्टीतल्या खणात बसवायचा:

/शॉर्टकट 25 /म्युझिक

खणांचे नंबर सरळ आहेत. मुख्य पट्टी 1 ते 12, दुसरी 13 ते 24, तिसरी 25 ते 36, असं बारा-बारानं पुढं. जास्तीच्या पट्ट्या सेटिंगमध्ये जाऊन आधी दिसत्या करून घ्या. नायतर "बसवलं पण दिसंना" म्हणून परत मलाच मेसेज.

आता मी 25 पासून का सुरू केलं? /म्युझिक नं संगीत चालू केलं की कीबोर्डवरचे 1 ते 8 आकडे सूर वाजवायला लागतात. शिफ्ट किंवा कंट्रोल धरलं की सप्तक बदलतं. मग मुख्य पट्टीत 3 नंबरला टाळ्यांची कमांड ठेवली असेल आणि गाण्याच्या मधी 3 दाबलं, तर टाळ्या नाही, भर सभेत एक फालतू सूर वाजतो. त्यामुळं कलाकारी सामान सगळं वरच्या पट्टीवर ठेवा आणि माउसनं दाबा.

माझी पट्टी अशी: पहिल्या खणात वाद्य, ते पिशवीतनं ओढून ठेवलं की दाबल्यावर हातात येतं. दुसऱ्यात /म्युझिक. मग गाण्यांचे खण. मग दोन खण मोकळे. अगदी शेवटी 36 मध्ये /प्लेस्टार्ट, म्हणजे सगळ्यांचं गाणं एकदम सुरू करायची कमांड. ते दोन मोकळे मुद्दाम आहेत. माउस जरा इकडचा तिकडं झाला आणि मंडळी तयार व्हायच्या आत गाणं सुटलं, तर मग आवरता आवरत नाही.

---

ज्वारीभाकर, परभणी

दादा लई भारी. पण एक शंका. वाद्य घ्या, म्युझिक करा, प्ले करा ह्या तिन्ही गोष्टी एकाच बटणात नाही का बसवता येत? एक दाबलं की सगळं आपोआप?

---

खामनदी, संभाजीनगर

नाही. एका खणात एकच कमांड. एलियसमध्ये दोन कमांडी जोडून लिहिल्यास तर दुसरी पहिलीच्या मजकुरात मिसळून जाते. तीन खण शेजारी-शेजारी ठेव आणि डावीकडनं उजवीकडं दाबत जा, दोन सेकंदाचं काम आहे.

आणि कुणी बाहेरचं सॉफ्टवेअर किंवा मॅक्रोवाला कीबोर्ड लावून एका बटणात पन्नास गोष्टी करायच्या भानगडीत पडू नका. खातं बंद पडलं तर कंपनी ऐकून घेत नाही. गेमच्या आत जे दिलंय तेवढ्यात आपलं काम भागतं. यादीतनं गाणं निवडायचं असेल तर खेळाडूंनी बनवलेलं साँगबुक नावाचं प्लगइन आहे, ते गेमच्याच प्लगइन व्यवस्थेत चालतं. ते बिनधास्त वापरा.

---

तेरणा, धाराशिव

फायलींबद्दल कुणीच सांगंना म्हणून मी सांगतो.

डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाचं फोल्डर असतं. त्यात म्युझिक नावाचं फोल्डर करा, नसेल तर. गाण्यांच्या एबीसी फायली त्यात टाकायच्या. ही साध्या नोटपॅडमध्ये उघडणारी मजकुराची फाइल आहे. सूर अक्षरांत लिहिलेले असतात, वर एक्स म्हणजे भागाचा नंबर, टी म्हणजे नाव, एम म्हणजे मात्रांचा हिशोब, क्यू म्हणजे लय, के म्हणजे सुराची पट्टी. ज्याला हार्मोनियमवर बोटं फिरवता येतात त्याला हे एका संध्याकाळी कळतं.

एका फाइलीत सगळ्या वाद्यांचे भाग ठेवता येतात, एक्स 1, एक्स 2, एक्स 3 करून. मग ल्यूटवाल्याचा खण:

/शॉर्टकट 27 /प्ले गवळण 1 सिंक

आणि ड्रमवाल्याचा:

/शॉर्टकट 27 /प्ले गवळण 2 सिंक

सिंक लावलं की तुमचं पात्र वाद्य धरून थांबून राहतं. नायकानं /प्लेस्टार्ट दाबलं की ग्रुपमधले सगळे एकदम सुरू. पण फाइल प्रत्येकाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवली, मोबाइलमध्येच राहिली, असं चालत नाही. आणि सगळ्यांकडं तीच प्रत पाहिजे. एकाकडं जुनी आणि एकाकडं नवी असली की दुसऱ्या कडव्यापासून दोघंही आपापल्या गावाला.

फाइलीचं नाव आखूड, रोमन अक्षरांत, मोकळी जागा न ठेवता. कमांड टाकताना जीव वाचतो.

आता संबळाचं. गेममध्ये संबळ नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण ड्रमवर प्रत्येक सुराला वेगळा ठोका दिलेला आहे, म्हणजे एका सुरावर घुमणारा, दुसऱ्यावर कोरडा, तिसऱ्यावर टिपरीसारखा. त्यातले दोन-तीन निवडून मी भजनी ठेक्याच्या आठ मात्रा बसवल्यात. तुळजापुरात गोंधळी वाजवतो तसं होणार नाही, कोण म्हणालं होईल? पण डुलण्याइतपत होतं. टाळाला काऊबेल घेऊ नका. मी ऐकलंय. नका घेऊ.

---

गोदामाई, नांदेड

तेरणा, ठेका मस्तच बसवलाय. पण ल्यूटच्या भागात तुम्ही मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, लिहायचा प्रयत्न केलाय आणि ते जमिनीवर ताटं पडल्यागत ऐकू येतंय. ह्या वाद्यांत बाराच स्वर आहेत आणि तीन सप्तकं, दोन स्वरांच्या मधली जागाच नाही. तिथं सरळ एक छोटा कण लावा आणि पुढं चला.

माझं वेगळंच दुखणं आहे. मांजराकाठ दादांनी एलियसची यादी पाठवली, आमच्या पोरींनी जशीच्या तशी उचलली. आता माझी हॉबिटीण सभेत "वाकून रामराम करतो". सगळ्या बायांनी यादी घेतल्यावर आधी करतोचं करते करा. येतोचं येते. बसतोचं बसते.

आणि ;टार्गेट हे जाणून घ्या. ज्याच्यावर क्लिक केलंय त्याचं नाव तिथं आपोआप येतं. म्हणजे:

/एलियस ;दाद /ई ;टार्गेट ह्यांच्याकडे बघून मान डोलावते

समोर कुणीही बसलेला असो, त्याचं नाव बरोबर उमटतं. प्रेक्षकाला बरं वाटतं. फक्त टार्गेटच्या पुढं ला, ने, चा चिकटवू नका. "ह्यांच्याकडे", "ह्यांना" असं सुटं लिहा, मध्ये जागा सोडून. आणि आधी कुणाला तरी निवडा. कुणावरच क्लिक केलेलं नसताना बटण दाबलं की मान नुसती हवेत डोलते.

---

मांजराकाठ, लातूर

गोदामाई, यादी दुरुस्त करून दोन प्रती करतो, बाप्यांची वेगळी आणि बायांची वेगळी.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. बटणं लावायला शिकली की पोरं सगळंच बटणावर टाकायलीत. नमन बटणावर, विनोद बटणावर, प्रेक्षकाला उत्तर बटणावर. मागच्या वेळी एका एल्फानं आमच्या सोंगाड्याला विचारलं, "हे वाद्य कुठलं?" आणि ह्यानं बटण दाबलं, "वा वा, बसा बसा, खुर्ची घ्या." तो एल्फ आधीच खुर्चीवर बसलेला होता.

माझं मत स्पष्ट आहे. हातानं करायची कामं बटणावर टाका: वाद्य, म्युझिक, प्ले, टाळ्या, नाच, वाकणं. म्हणजे डोळे मोकळे राहतात आणि सभेत कोण काय म्हणतंय ते वाचता येतं. बोलायचं मात्र तिथंच, समोर बघून, टंकायचं. टंकताना चूक झाली तर होऊ द्या. कीर्तनकार चिठ्ठी वाचायला लागला की लोक चपला शोधतात.

---

बालाघाटी, बीड

दादा, निम्मं पटलं, निम्मं नाही.

आमच्या घरात भारुडाची परंपरा आहे. नाथांच्या पैठणच्या षष्ठीला आजोबा जायचे, त्यांच्यामागं आम्ही झील धरायला. तुम्ही म्हणता बोलणं बटणावर नको. पण झीलकरी काय करतो? तेच पालुपद पुन्हा-पुन्हा. शब्द ठरलेला, चाल ठरलेली, फक्त वेळ साधायची. मुख्य सोंग पुढं काहीबाही बोलतंय, लोकांना टोमणे मारतंय, एखाद्याची टोपी उडवतंय, आणि मागची पोरं तोंडात तयार ठेवलेलं "होऽ जी जी" बरोबर ठोक्यावर टाकतात. त्यांनी दरवेळी नवीन काही बोलायचं ठरवलं तर सोंगाचा जीव जाईल.

म्हणून मी म्हणतो, बटणं झीलकऱ्यांची. पालुपद, "हां जी", "मग काय झालं?", "कोण म्हणतंय?" हे चार-पाच हुंकार त्यांच्या खणात पाहिजेतच. टंकून पाठवेपर्यंत ठोका निघून जातो. नायकाच्या पट्टीवर मात्र एकही बोलायची ओळ नको, तुमचं म्हणणं तिथं सोळा आणे.

---

खामनदी, संभाजीनगर

बालाघाटीचं बरोबर आहे, आणि तांत्रिक बाजूनंही तेच सोयीचं पडतं. नायकाला वाद्य नकोच द्यायला. वाद्य वाजवताना चॅटमध्ये लांब लिहिताना माणूस गडबडतो: चॅटची ओळ बंद झालेली ध्यानात येत नाही आणि पुढचे आकडे टाकले की ते सूर होऊन वाजतात. नायक मोकळा, हातात काही नाही, नुसता टंकतोय आणि नाचतोय. मागं एका ग्रुपात सहाच जण बसतात, म्हणजे पाच झीलकरी-वाजवणारे आणि एक सोंग. एवढं पुरतं.

झीलकऱ्यांच्या हुंकारासाठी एकच सूचना: /से वापरा, /ई नको. /ई नं "अमुक म्हणतो हां जी" अशी ओळ तयार करावी लागते आणि वाचायला लांब पडते. /से नं नुसतं "हां जी" येतं, पटकन. पोनीत आधीच गर्दी असते, चॅट पळत असतं.

---

ज्वारीभाकर, परभणी

मी झीलकरीच होतो. मला नाचायचंय पण आणि वाजवायचंय पण. दोन्ही जमंल का?

---

तेरणा, धाराशिव

वाजवताना नाच नको. एक काय ते ठरव. तू मिन्स्ट्रेल, म्हणजे गेममधल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या वर्गातला, आहेस का? बाकीच्या वर्गांना वाद्य मिन्स्ट्रेलकडनं शिकून घ्यावं लागतं, मिन्स्ट्रेल बऱ्याच वाद्यांत मुरलेला असतो. नसशील तर पोनीत ये, गोदामाई शिकवेल.

---

गोदामाई, नांदेड

शिकवते. पण आधी घरून जेवून ये, मागच्या वेळी मधीच "आई बोलावतीय" म्हणून गायब झालास.

आणि वेळेचं सगळ्यांनी नीट बघा. सर्व्हर अमेरिकेतला, तिथल्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी रात्री नऊला गर्दी जमते. म्हणजे आपल्याकडं रविवारी सकाळी साडेसहा, आणि तिकडं हिवाळ्यात घड्याळ मागं घेतलं की साडेसात. लाइट जायची भीती सकाळी जरा कमी असते, तरी मोबाइलचं हॉटस्पॉट जवळ ठेवा. गाणं चालू असताना नेट गेलं आणि परत आलात तर मधूनच जोडता येत नाही. गप बसून पुढच्या गाण्याची वाट बघा, प्लेस्टार्टला हात लावू नका.

---

बालाघाटी, बीड

गोदामाई, तिकडचे प्रेक्षक इंग्रजीवाले. मग पालुपद कशात?

---

गोदामाई, नांदेड

पालुपद मराठीतच, रोमन अक्षरांत. दोनदा ऐकलं की तेही टाकायला लागतात, बघच. सोंगाचं बोलणं इंग्रजीत, तोडकंमोडकं असलं तरी. आणि /ई च्या ओळी दोन्हींत एकेक बनवून ठेवायच्या, आपल्या मंडळासाठी मराठी, पोनीसाठी इंग्रजी. सभेत कोण आहे बघून दाबायचं.

---

मांजराकाठ, लातूर

बालाघाटी, तुझं म्हणणं घेतलं. नायकाची पट्टी आणि झीलकऱ्याची पट्टी वेगळी. मी आता दोन नमुने करतो.

नायक: /बाऊ, /चिअर, /डान्स1, /डान्स2, ;दाद. बस. वाद्य नाही, ओळी नाहीत. /प्लेस्टार्टसुद्धा नायकाकडं नको आता, कारण तो टंकत असणार. ते खामनदीकडं. खामनदी थिऑर्बो ह्या तंतुवाद्यावर बसतो, त्याच्या भागात हात मोकळा मिळतो.

झीलकरी: वाद्य, /म्युझिक, तीन गाण्यांचे प्ले, मग हुंकार चार. हुंकार वरच्या पट्टीत उजवीकडं, एकमेकाला लागून नाही, एक खण सोडून. "कोण म्हणतंय" दाबायचं तिथं "हां जी" पडलं तर सोंगाचा प्रश्न फुकट जातो.

सगळ्या एलियसची यादी नोटपॅडच्या फाइलीत ठेवा. नवीन पात्र केलं, कॉम्प्युटर बदलला, काहीही झालं तर तिथनं कॉपी करून परत टाकता येतं. आणि जुनं काढायचं असेल तर /एलियस रिमूव्ह ;नाव.

---

तेरणा, धाराशिव

मला एक सांगा, पोनीत खणखणीत झालं तर वेदरस्टॉकला जायचं का? लँड्रोव्हाल सर्व्हरवर 2009 पासून वेदरटॉपच्या टेकडीवर दरवर्षी मंडळं यायची, दिवसभर एकामागं एक. आपल्या संबळाला तिथं काय वाटेल ते वाटू दे.

---

खामनदी, संभाजीनगर

आधी पोनीत तर नीट होऊ दे. एबीसीत ड्रम आणि ल्यूटची लय बघ, एकात क्यू 120 आहे आणि दुसऱ्यात 112. तिसऱ्या आवर्तनात ड्रम पुढं निघून जातो.

---

तेरणा, धाराशिव

बदललं. नवीन फाइल टाकलीय, जुनी सगळ्यांनी काढा.

---

ज्वारीभाकर, परभणी

बगा दादा, माझी पट्टी. बरोबर हाय का?

25 क्लॅरिनेट
26 /म्युझिक
27 /प्ले गवळण 3 सिंक
28 /प्ले गोंधळ 2 सिंक
29 /प्ले भारुड 3 सिंक
31 /से हां जी
33 /से मग काय झालं
35 /से कोण म्हणतंय
36 /प्लेस्टार्ट

---

मांजराकाठ, लातूर

36 काढ. 28 मध्ये भाग 3 कर, 2 हा ड्रमचा आहे. बाकी ठीक. गोंधळाची फाइल तेरणानं आत्ता टाकलीय ती घे, आणि सहाला पोनीत मागच्या खोलीत या, एकदा सिंक लावून बघू.